मामीच्या टाचा आणि तुमची गाडी

ती. मामांना भाच्याचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय. दुकानात टेबल नाही, काचेच्या पेटीवर कागद ठेवून लिहितोय, त्यामुळे अक्षर जरा हललं तर समजून घ्या.)

तुमची तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? गोदीत क्रेनवर रोज चढ-उतार करून गुडघे दुखतात असं मामी म्हणत होती, तर तेल लावता का? तिकडचं पाणी सोसलं का? जेवण वेळेवर होतं का? आमचं इकडे सगळं ठीक. मामी मजेत आहे. घर जागेवर आहे. तुमची मोटारसायकल पण जागेवर आहे, फक्त ती जागा आता पूर्वीपेक्षा थोडी खाली आहे. त्याबद्दलच लिहायला बसलोय. तर मामा, पुढचं बसून वाचा. आणि दोन्ही पाय नीट टेकतील अशा खुर्चीवर बसा, पाय टेकण्याचं महत्त्व मला हल्लीच कळलंय.

तुम्ही म्हणाल, हा पोरगा घरात असताना दोन शब्द बोलत नव्हता आणि आज एवढं लांबलचक पत्र? तर माझं असं आहे की समोर माणूस असला की शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात, पाहुण्यांसमोर यायला लाजणाऱ्या लहान पोरांसारखे. कागदाला तोंड नाही, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. शाळा मी नववीत सोडली ती गणितामुळे असं सगळे सांगतात. गणिताचं मला काही वाटत नव्हतं. हजेरीचं वाटायचं. रोज सकाळी सगळ्यांच्या देखत ‘हजर’ म्हणायचं, आणि आवाज फुटेपर्यंत मास्तर पुढच्या नावावर गेलेले असायचे. त्यामुळे मी वर्षभर वर्गात बसून गैरहजर होतो. काचेच्या दुकानात बरं आहे. काच काही विचारत नाही. तिच्यावर रेघ ओढायची, खालून हलका टक दिला की ती रेघेवर सुटते. (मालक म्हणतात माझा हात चांगला आहे. मी मान हलवतो.)

असो. मामीची धुण्याची खोली तुम्ही पाहिलेली आहे. इस्पितळाच्या तळघरात, लॅबच्या खाली, दोन मोठे हौद, वर एकच खिडकी आणि तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात. तिथे ती इतकी वर्षं रक्ताच्या नळ्या आणि बाटल्या धुतेय. तर तिथे आता मशीन आलं. कपाटाएवढं आहे, पुढे गोल काच आहे, आत नळ्या ठेवल्या की आपोआप धुऊन, वाळून बाहेर. मामी पहिल्या दिवशी त्याच्यासमोर हातांची घडी घालून उभी राहिली, नळी उजेडात धरून बघितली, आणि म्हणाली, “चांगलं धुतंय मेलं.” धुणाऱ्या बायकांनी महिनाअखेरीला घरी जायचं असं वरून आलं होतं. एकच जागा रिकामी होती: टेकडीवरच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबमध्ये आणायचे. मोटारसायकल स्वतःची पाहिजे आणि चालवण्याची परीक्षा द्यायची. बाकीच्या बायका म्हणाल्या, आपल्याला कुठलं जमतंय. मामीनं नाव देऊन टाकलं.

घरात मोटारसायकल एकच. तुमची.

तुम्ही जाताना बजावून गेला होतात, गाडी पुसायची, आठवड्याला एकदा सुरू करायची, बाकी हात लावायचा नाही. मामीनं ते अगदी पाळलं. हात नाही लावला. बसली. (मामीकडे लग्नाच्या आधीपासून लायसन आहे हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. माहेरी ती वडिलांची गाडी चालवायची म्हणे, पण ती गाडी बुटकी होती. मी विचारलं, मग मामांना कधी सांगितलं नाहीस? तर म्हणाली, त्यांनी कधी विचारलं नाही.)

आता तुमची गाडी म्हणजे उंटच. तुम्ही सहा फुटी, तुम्हाला काय. मामी आतल्या बोळात तिच्यावर चढली, हो चढलीच म्हणायला पाहिजे, एक पाय पायरीवर देऊन, आणि बसली तर दोन्ही पाय लोंबकळायला लागले, झोपाळ्यावर बसल्यासारखे. अंगठे कसेबसे फरशीला लागत होते. मी सवयीनं मोजलं, टाच आणि फरशी यांच्यात चार बोटं. आणि परीक्षेचा पहिलाच नियम असा, की गाडीवर सरळ बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. कारण चढावर थांबायचं झालं, पाय सटकला आणि गाडी आडवी झाली, तर मागच्या पेटीत लोकांचं रक्त आहे. परत कुठून आणणार? पायात बूट साधेच पाहिजेत, जाड तळव्याचे चालणार नाहीत, हेही लिहिलं होतं. मामीनं ते दोनदा वाचलं, मग म्हणाली, “म्हणजे मला उंच करता येत नाही. गाडीला खाली आणावं लागेल.” जशी काय गाडी माळ्यावर ठेवली होती.

त्यात उभी राहून राहून पुढच्या टायरला भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. तो बदलणं भाग होतं. मामीनं चाक सोडवून दिलं आणि मला टायरच्या दुकानात पाठवलं. मामा, तिथून सगळा घोळ सुरू झाला.

दुकान म्हणजे नुसते टायरच टायर, एकावर एक, खांबांसारखे, छतापर्यंत. आत शिरलं की आवाज बंद होतो आणि रबराचा असा वास येतो की भूक लागल्यासारखं होतं. मधल्या एका ढिगात टायरवाले काका बसले होते. ढिगाच्या आत. फक्त डोकं बाहेर, विहिरीत उभं राहिल्यासारखं. “पुढचा ना?” काकांनी विचारलं. मी मान हलवली. बरोबर होतं. “उंच गाडी?” मान. तेही बरोबर. “टेकडीवर जायची?” मान. आता माझी मान एकदा हलायला लागली की मला थांबवता येत नाही. “म्हणजे चिखल, दगडधोंडे?” मान. “शर्यतीत उतरवणार?” मान. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, “दिसत नाहीस हां,” म्हणाले, आणि असा टायर काढला की त्याच्यावर साबणाच्या वडीएवढी एकेक बटणं. तिथेच चाकाला चढवून दिला. मी मान हलवून घरी आलो.

मामीनं चाक बसवलं, गाडीवर चढली, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“आपण गाडी खाली आणतोय ना रे?”

मी मान हलवली.

“मग ही वर का गेली?”

बटणांमुळे पुढून गाडी बोटभर वर गेली होती. शिवाय गल्लीतून एक चक्कर मारली तर टायरचा असा घूं घूं आवाज आला की वाण्याच्या दुकानासमोरची माणसं वर आकाशात बघायला लागली. मामी उतरली, चाक परत सोडवलं, आणि या वेळी माझ्याबरोबर स्वतः आली. काका म्हणाले, “बाई, मी सगळं विचारलं, पोरगा हो म्हणाला.” मामी म्हणाली, “तो सगळ्यालाच हो म्हणतो. घरात आम्ही त्याला फक्त हो उत्तर असलेलेच प्रश्न विचारतो.” काका इतके हसले की ढिगातून बाहेर आले. (त्यांना पाय आहेत हे मला तेव्हा कळलं.)

मग काकांनी मला खाली बसायला सांगितलं आणि माझा तळहात फरशीवर ठेवला. म्हणाले, “रस्त्याला पुढचा टायर किती टेकतो माहीत आहे? एवढाच. तुझ्या या पंज्याएवढा. ब्रेक मारला की गाडी, बाई, पेटी, सगळं पुढे येऊन या एवढ्यावर बसतं. मागचं चाक नुसतं ढकलतं रे, जायचं कुठे आणि थांबायचं कुठे हे पुढचं ठरवतं.” मामा, मी तो हात फरशीवरून उचलायचाच विसरलो. एवढीशी जागा! आपण रोज रस्त्यावर शेकडो गाड्या बघतो आणि प्रत्येकीत एक आख्खा माणूस पंज्याएवढ्या रबरावर भरवसा ठेवून चाललेला असतो, आणि वर गाणी म्हणत असतो. त्या दिवसापासून मी घरी येताना लोकांच्या चेहऱ्याकडे बघत नाही (तसा आधीही बघत नव्हतो), पुढच्या चाकाकडे बघतो.

काकांनी मग एकेक टायर पुढे ठेवला. नखानं दाबून बघायला शिकवलं. नख रुततच नाही ते रबर कडक, वर्षानुवर्षं झिजत नाही पण ओल्यात सुटतं. नख रुतून हळूच वर येतं ते मऊ, लवकर झिजतं पण धरून ठेवतं. मामीनं सगळ्यांवर नखं रुतवली, भाजी घेताना रुतवते तशी. काका म्हणत होते, कडक घ्या, पुढची चार वर्षं बघायला नको. मामी म्हणाली, “लॅबच्या अंगणात दिवसभर फरशा धुतात. मला शेवटची दहा पावलं तिथे थांबायचंय. चार वर्षांचं नंतर बघू.” आणि तिनं मऊ घेतला, तिरप्या खाचांचा, त्या खाचांतून पाणी बाजूला फेकलं जातं. काकांनी बटणवाला परत घेतला आणि म्हणाले, बाईंना टायर कळतो. घरापर्यंत चाक मामीनंच खांद्याला लावून आणलं.

आता राहिली उंची. त्यासाठी काकांनीच एका माणसाकडे पाठवलं. त्याला सगळे स्प्रिंगमास्तर म्हणतात. जिन्याखाली गॅरेज आहे, वाकून आत जायचं, भिंतीवर स्प्रिंगा टांगलेल्या, लहान-मोठ्या, आणि मधोमध मास्तर, स्टुलावर. मामा, एवढा बढाईखोर माणूस मी जन्मात पाहिला नाही आणि एवढी खरी बढाई पण ऐकली नाही. “माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवा,” म्हणाले, आणि खरंच ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. पेला भरलेला. (थोडं सांडलं होतं, पण ते म्हणाले ते मी प्यायलो.) ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. माणूस गाडीवर बसला की गाडी किती दबते, कशी वर येते, तेवढंच बघतात. मला म्हणाले, बस. मी बसलो. मास्तर मागच्या स्प्रिंगकडे बघत म्हणाले, “हा कसा बसतो बघा. गाडीला कळलं पण नाही.” आजपर्यंत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी परत उतरून परत बसलो.

मास्तरांनी सांगितलं, गाडी उतरवायची तर पुढून-मागून सारखी उतरवायची. मागे आखूड स्प्रिंग घालायची, आणि पुढे चाक धरणाऱ्या चिमट्याचे पाइप त्यांच्या पकडीतून वर सरकवायचे, आत छोटी स्प्रिंग. त्या दिवशी मागचं झालं आणि पुढच्या पाइपचं तेल संपलेलं, म्हणून म्हणाले गाडी इथे ठेवा, उद्या पुढचं करतो. मामीला कुठला धीर. तशीच घेऊन निघाली. आता मागून खाली आणि पुढून वर म्हणजे गाडीनं मान वर केलेली. संध्याकाळ झाली होती, दिवा लावला, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी तिसऱ्या मजल्यावर. आम्ही गल्लीतून चाललोय आणि वर एकेकाचं घर लख्ख दिसतंय. कुणी बनियनवर उभा आहे, कुणी आरशासमोर पोट आत ओढतंय. एक बाई गॅलरीतून ओरडल्या, “काय चाललंय काय हे?” मामी न थांबता खालून म्हणाली, “तपासणी! पडदे धुवा!” (दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत तीन घरांचे पडदे वाळत होते. मी मोजले.)

दुसऱ्या दिवशी पुढचं काम झालं. पण त्याआधी मास्तरांनी मामीला वजन विचारलं. स्प्रिंग किती ताणायची ते वजनावर असतं. गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मामीनं भिंतीवरच्या स्प्रिंगांकडे बघितलं आणि एक आकडा सांगितला. मास्तरांनी मान डोलावून त्या आकड्याप्रमाणे केलं. गाडी खाली आली. मामी बसली आणि, मामा, टाचा टेकल्या! दोन्ही! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, मी खिशात वाजवल्या. मग मामी निघाली, कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून गेली, आणि चर्रर्र. पुढचा टायर मडगार्डला घासला. नवीन, मऊ, नखं रुतवून घेतलेला टायर.

परत आलो. मास्तरांनी वाकून मडगार्डच्या आत बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं, ते मामीसमोर धरलं. “बाई, हे काय आहे सांगू? तुम्ही जेवढे किलो लपवलेत, ते इथे लागलेत.”

मामी म्हणाली, “मी जेवायच्या आधीचं सांगितलं होतं.”

“बरं. आणि जेवण केवढं?”

मामीनं एका हाताची बोटं दाखवली. मास्तर तसेच बघत राहिले. मग तिनं दुसरा हात पण वर केला, त्यातली दोन. गिऱ्हाइकं हसली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, गाडीवर बसणारं माणूस जेवढं असेल तेवढं मला पूर्ण पाहिजे, कमी माणसाला मी सांभाळू शकत नाही. मला ते फार आवडलं.

पण खरं वजन धरून स्प्रिंग ताणली, तर गाडी परत वर आली. थोडीच. टाच आणि जमीन यांच्यात अर्धं बोट. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. मास्तर म्हणाले, याच्यापुढे मी उतरवणार नाही, टायर घासेल. एका गिऱ्हाइकानं तोंड उघडलं, उद्याच्या परीक्षेपुरती ढिली ठेवा की, टाचा टेकतील, पास झाल्यावर ताणून घ्या. आणि मामा, मी मामीकडे बघितलं. तिला ती खोली, तो हौद, ते गोल काचेचं मशीन, सगळं दिसत असणार. ती गाडीवर तशीच बसून होती, टाचा अर्धं बोट वर. मग म्हणाली, “नको. उतारावर ब्रेक मारताना घासला तर? परीक्षा माझी आहे, रक्त माझं नाही.” आणि उतरली. हेल्मेट काढलं. मी तिला बाटल्या धुताना पाहिलंय, आजारी असताना पाहिलंय, पण असं हेल्मेट हातात धरून नुसतं उभं राहिलेलं नव्हतं पाहिलं.

आणि माझ्या तोंडून आवाज आला, “सीट रुंद आहे.”

सगळ्यांनी वळून बघितलं. कोण बोललं ते त्यांना कळेना. मलाही वाटलं मागून कुणीतरी बोललं. पण मग मी सांगितलं (मामा, तीन अनोळखी माणसांसमोर!) की आमच्याकडे काच कुशीत धरून नेतात, ती रुंद असली की हात फाकतात आणि बोटं खालच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, अरुंद असली की तेच हात पोचतात. हात काही वाढत नाहीत. सीट पुढच्या बाजूला रुंद आहे, मामीच्या मांड्या फाकतात, पाय तिरके खाली येतात. मधून उंची कमी करायला नको, नुसत्या दोन्ही बाजूंच्या कडा उतरवल्या तर पाय सरळ पडतील. एवढं बोलून मी दमलो. मास्तर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “काप.”

मी कापलं. सीटचं कव्हर सोडवून, आतल्या स्पंजवर खडूनं रेघा मारून, मास्तरांच्या लांब पात्याच्या सुरीनं. स्पंज काचेपेक्षा अवघड आहे, तो दाबला की पळतो. तुमच्या सीटच्या कडांचे दोन तुकडे पडले, पाव कापल्यासारखे. कव्हर ओढून परत बसवलं. मामी चढली. म्हणजे बसली, आता चढावं लागत नाही. टाचा टेकल्या. मास्तरांनी गाडी पुढून दाबली, मागून दाबली, मामीला बसवून ढकलून बघितली, आणि म्हणाले, “आता ही गाडी तुमची झाली.” मास्तरांना कागदपत्रांचं काही माहीत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका.

घरी येऊन साइड स्टँडवर लावली तर अजून एक झालं. गाडी खाली आली, पण स्टँड पूर्वीएवढाच लांब, त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी पहारेकऱ्यासारखी ताठ उभी. मी दार ओढलं, तेवढ्या वाऱ्यानं ती पलीकडे पडली, पाण्याच्या पिंपावर. उजवा आरसा फुटला. आरसा मी दुकानात नवीन कापून बसवलाय, चांगला आहे, मागचा माणूस आहे तेवढाच मोठा दिसतो. आणि स्टँड वेल्डरकडून आखूड करून आणला. पेट्रोलच्या टाकीला एक खळगा आहे. छोटा आहे. त्यात पाणी राहतं, चिमण्या येतात.

आता परीक्षा. इस्पितळाच्या मागचं अंगण, ओल्या फरशा, बाजूला वर जाणारा उतार. परीक्षा घ्यायला इस्पितळाच्या गाड्यांच्या खात्यातले साहेब, हातात एक जुना एक्स-रे. मला वाटलं कुणाचा रिपोर्ट असेल. तर ते तो टाचेखाली सरकवून ओढत होते. सुटला तर टाच टेकलेली नाही, नापास. मामीच्या आधी एक लांब पायांचा माणूस होता, त्याच्या टाचा काय, गुडघे पण टेकले असते. तो भर्रकन गेला, भर्रकन आला, करकचून थांबला. साहेबांनी त्याच्या गाडीवरची नमुन्यांची पेटी उघडली. परीक्षेला पेटीत नळ्यांमधून साबणाचं पाणी भरलेलं असतं, हलली की फेस येतो. त्याच्या सगळ्या नळ्या वरपर्यंत पांढऱ्या. साहेबांनी नुसती पेटी त्याच्याकडे वळवली. तो निघून गेला.

मग मामी. साहेबांनी डाव्या टाचेखालचा एक्स-रे ओढला, हलला नाही. उजव्या टाचेखालचा ओढला, हलला नाही. परत जोरात ओढला, तर टर्रकन फाटला. मामीनं खाली बघून विचारलं, “कुणाचा होता हो?” साहेब नुसतं म्हणाले, “निघा.”

आणि मामा, ती निघाली ते मी कसं सांगू. माझी मामी, जिला वरच्या फळीवरचा डबा मी काढून देतो, ती त्या उतारावर अर्ध्यात थांबली, टाचा खाली, गाडी जराही मागे नाही, आणि परत अशी उचलली जशी काय गाडीला तिनं कानात काही सांगितलं असावं. वरून वळून खाली आली. इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. तळघराच्या त्या खिडकीत पण, धुणाऱ्या बायका, खालून चाकांकडे बघत. शेवटची दहा पावलं, ओल्या फरशा, मामीनं ब्रेक दाबला. पुढचा चिमटा खाली गेला, हळू, पुरता, आणि तिथेच थांबला. घासल्याचा आवाज नाही. चाक सरकलं नाही. एवढ्याशा रबरावर सगळं येऊन बसलं आणि त्यानं धरलं. माझा हात माझ्याही नकळत मिटला होता. आभाळ वगैरे बघून लोकांना काय वाटतं मला माहीत नाही, मला ते तेव्हा वाटलं.

साहेबांनी पेटी उघडली. एक नळी उजेडात धरली. दुसरी धरली. तिसरी हलवून बघितली, तर तिला लगेच फेस आला, म्हणजे साबण खरा होता. “तुमचा फेस कुठाय?” म्हणाले. मामी हेल्मेट काढत म्हणाली, “साहेब, मी इतकी वर्षं याच नळ्या धुतल्यात. फेस कशानं येतो ते मला ठाऊक आहे, आणि कशानं येत नाही तेही.” तळघरातून कुणीतरी शिट्टी वाजवली. साहेबांनी फाटका एक्स-रे घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, एक तारखेपासून या.

तर एवढं झालं. तुम्ही तब्येतीला जपा, गुडघ्यांना तेल लावा, क्रेनवर चढताना दोन्ही हातांनी धरा. कुणावर रागावू नका, रागानं कंबर धरते असं मी ऐकलंय.

तुमचा आज्ञाधारक (सीट सोडून बाकी बाबतीत)
भाचा

ता. क. : नमुन्यांची पेटी मागे बसवायची म्हणून मागची सीट काढावी लागली. मामी म्हणते, गाडी त्यांचीच आहे, फक्त त्यांना बसायला जागा नाही. तरी तुम्ही सुट्टीवर याल तेव्हा स्टेशनवरून बसनं या.

ता. क. २ : तुमच्या जुन्या स्प्रिंगा तेल लावून, कापडात गुंडाळून कॉटखाली ठेवल्यात. मास्तर म्हणाले होते, एका सकाळीत गाडी पुन्हा पहिल्यासारखी उंच करून देतो. मामीनं त्यांचे नट खोलायचे पाने उचलून हातात घेतले आणि विचारलं, हे तुम्हाला परत हवेत का? त्यावर त्यांनी स्प्रिंगा गुंडाळायला कापड स्वतःच काढून दिलं.

ता. क. ३ : हे महत्त्वाचं आहे, म्हणून शेवटी लिहितोय. वरचं सगळं वाचून झालं असेल तर विसरा. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. मामी तुम्हाला स्वतः सांगणार आहे, नेमणुकीचा कागद हातात आल्यानंतरच्या रविवारी, फोनवर. तोपर्यंत ती ‘सगळं ठीक’ म्हणत राहील, तुम्ही पण म्हणा. मी हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की तुम्हाला जे ओरडायचं असेल ते तिकडेच समुद्राकडे तोंड करून ओरडून घ्यावं आणि रविवारपर्यंत निवावं. आणि फोन उचलल्यावर तुम्ही नेहमी आधी ‘गाडी कशी आहे’ म्हणता. त्या रविवारी तेवढं म्हणू नका. आधी तिला विचारा, ती कशी आहे. मग ती सांगायला लागेल. मध्ये तुमचं एकच वाक्य आहे, ‘काय म्हणतेस!’ ती रोज भांडी घासताना सगळं सांगून बघते आणि तिथे आली की आवाज जाड करून तुमचं वाक्य पण स्वतःच म्हणते. फार छान म्हणते. तुम्हाला तसं जमलं पाहिजे, म्हणून आजपासून सराव सुरू करा.